एनिस : नदीच्या कुशीतले बाजाराचे गाव

या सदरातून आजवर आम्ही ज्या परदेशी गावांची ओळख करून दिली, ती बहुतेक राजवाड्यांची, विद्यापीठांची किंवा यात्रेची गावे होती. या खेपेस एका बाजाराच्या गावाकडे वाचकांना न्यावे असे मनात आहे. निमित्त घरचेच आहे. आमची कन्या नोकरीनिमित्त आयर्लंडमधील लिमरिक या शहरी असते. गेल्या वर्षी शाळेला उन्हाळ्याची सुटी लागताच आम्ही उभयतांनी तिच्याकडे महिनाभर मुक्काम केला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आता त्या देशात रुग्णालयांत आणि संगणकाच्या कचेऱ्यांत कामाला आहेत. त्यांचे आईवडील जातात, क्लेअर परगण्यातील मोहेरचे प्रचंड सागरकडे पाहून येतात, आणि वाटेवर लागणारे एनिस मात्र बसच्या खिडकीतूनच मागे टाकतात. पहिल्या आठवड्यात आम्हीही तेच केले. पुढे पुस्तके चाळताना आपण काय टाकून आलो ते ध्यानी आले, आणि मग एका सकाळी लिमरिकहून आगगाडीने निघालो. पाऊण तासाचा देखील प्रवास नाही.

एनिस हे क्लेअर परगण्याचे मुख्य गाव. २०२२ च्या जनगणनेत त्याची वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आतबाहेर भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी शहर म्हणणार नाही. आयरिश भाषेत ‘इनिश’ म्हणजे बेट. फर्गस नावाची नदी येथे फाटे फोडून पुन्हा एकत्र होते, आणि त्या विळख्यात सापडलेल्या भूमीवर हे गाव वसले. पात्र रुंद नाही, परंतु पाणी बारमाही, आणि पुलावर उभे राहिले की घरांच्या परसांना लागून वाहणारा प्रवाह दिसतो. दक्षिणेस दोन-तीन मैलांवर क्लेअरकासल हे जुने बंदर आहे. गावात जमलेले धान्य आणि लोणी तेथून गलबतांत चढत असे. नदी, बंदर आणि भोवताली कुरणे असल्यावर बाजार भरला नसता तरच नवल. सतराव्या शतकाच्या आरंभी थोमंडच्या अर्लने, म्हणजे तेथील ओ’ब्रायन घराण्याच्या सरदाराने, गावासाठी बाजाराचे व जत्रांचे हक्क मिळवले, आणि तेव्हापासून क्लेअरच्या शेतकऱ्याचे पाऊल या गावाकडे वळले ते आजतागायत.

गावाची ठेवण बाजाराने ठरवली आहे. मुख्य रस्ते इतके अरुंद, की समोरासमोरच्या दुकानदारांनी गल्ल्यावर बसूनच गप्पा माराव्यात. त्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांनी कमानींखालून बोळ निघतात. स्थानिक लोक त्यांना ‘बो-वे’ म्हणतात. एका बोळात शिरावे तर आपण नदीकाठी निघतो, दुसऱ्यात शिरावे तर बाजाराच्या चौकात. लोण्याची पिंपे, डुकरे, बटाट्यांची पोती आणि दलदलीतून कापून वाळवलेले टर्फ नावाचे जळण या वाटांनी ने-आण होत असे. बेळगावच्या रविवार पेठेत वाढलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की तेथे हॉर्न वाजत नाही. दुकानांच्या दर्शनी फळ्या गडद निळ्या, हिरव्या, तांबड्या रंगांत रंगवलेल्या, आणि त्यांवर मालकाचे नाव ठळक अक्षरांत. सौभाग्यवतींनी पहिल्या तासातच निर्वाळा दिला की दुकानदार आडनावाने ओळखला जातो तेथे माल खोटा नसावा. आम्ही काही बोललो नाही.

गावातील सर्वांत जुनी वास्तू म्हणजे फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ. तेराव्या शतकात ओ’ब्रायन राजांच्या आश्रयाने तो उभा राहिला. पूर्वेकडील भिंतीतील पाच उंच, निमुळत्या झरोक्यांची खिडकी अद्याप उभी आहे, आणि आत चुनखडीच्या करड्या दगडात कोरलेली शिल्पे आहेत. संत फ्रान्सिसच्या तळहातांवरील जखमा, बांधलेल्या हातांचा ख्रिस्त आणि पंधराव्या शतकातील मॅकमहोन समाधीवर कोरलेली त्याच्या यातनांची मालिका, हे सारे इतक्या मऊ हाताने घडवले आहे की दगड चुनखडीचा आहे हे विसरायला होते. चौदाव्या शतकात या मठात साडेतीनशे भिक्षू आणि सहाशे विद्यार्थी होते असे जुने लेखक सांगतात. आम्ही मुख्याध्यापक असल्यामुळे अशा आकड्यांविषयी थोडे साशंक असतो. हजेरीपटावरचे विद्यार्थी आणि बाकावरचे विद्यार्थी यांत अंतर असू शकते. तरीही युरोपच्या या पश्चिम टोकाला, समुद्राच्या वाऱ्यात, बाजाराच्या गलबल्यापासून शंभर पावलांवर मुले शिकत बसत होती, ही गोष्ट शाळामास्तराला सुखावल्याशिवाय राहत नाही.

आता चौकात यावे. गावचे सारे रस्ते जेथे मिळतात त्या उंचवट्याला लोक ‘द हाइट’ म्हणत. आज त्याचे नाव ओ’कॉनेल चौक. मध्यभागी एक उंच दगडी स्तंभ, वर डॅनियल ओ’कॉनेलचा पुतळा. पूर्वी येथे गावचे न्यायालय होते. १८२८ च्या जुलै महिन्यात या जागी जे घडले, त्यासाठी एनिस पाहावे असे आमचे मत आहे, म्हणून येथे जरा थांबू.

त्या काळी आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक असूनही कॅथलिक मनुष्याला ब्रिटिश संसदेत बसता येत नसे. सभासदाला जी शपथ घ्यावी लागे, तिच्यात त्याच्या धर्माचाच निषेध होता. निवडणुकीला उभे राहण्यास मात्र कायद्याची आडकाठी नव्हती. नेमकी हीच फट ओ’कॉनेल या निष्णात बॅरिस्टराने हेरली. क्लेअरचे सभासद व्हेसी फिट्झजेराल्ड यांना मंत्रिपद मिळाले, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा मतदारांपुढे येणे भाग पडले. गृहस्थ वाईट नव्हते. कॅथलिकांना हक्क द्यावेत याच मताचे होते. परंतु ते सरकारचे होते, आणि त्यांच्यामागे परगण्यातले सारे बडे जमीनदार होते.

मतदार कोण? वर्षाला चाळीस शिलिंगांचे मोल असलेला तुकडा हयातीच्या पट्ट्याने धारण करणारी कुळे. त्यांची नावे जमीनदारांनीच यादीत घातली होती, कारण कुळाचे मत म्हणजे मालकाचे मत हा रिवाज होता. मतदान गुप्त नव्हते. न्यायालयात उभे राहून, मालकाच्या कारभाऱ्यादेखत, मोठ्याने नाव उच्चारावे लागे. गुप्त मतदानाचा कायदा व्हायला १८७२ साल उजाडले. वाचकांनी क्षणभर त्या कुळाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. पट्टा मालकाच्या हाती, खंड थकलेला, घर मालकाच्या जमिनीवर, आणि वहीत टिपून घेणारा माणूस दोन हातांवर उभा.

ती कुळे गावोगावहून पायी आली. पुढे गावचा धर्मगुरू आणि हातांत हिरव्या डहाळ्या. बाजाराला जे रस्ते येत तेच हे रस्ते. मात्र डोक्यावर ओझे नव्हते. गावात त्या दिवसांत तीस हजार माणसे लोटली होती असे सांगतात. सरकारने दंग्याच्या भीतीने लष्कर आणून ठेवले होते. ओ’कॉनेलने ताकीद दिली की निकाल लागेपर्यंत दारूच्या थेंबाला कोणी शिवायचे नाही, आणि आयर्लंडच्या बाजाराच्या गावात, पाच दिवस, ती ताकीद पाळली गेली. तीस हजारांचा जमाव, आणि रक्तपात नाही. ओ’कॉनेलला २०५७ मते, फिट्झजेराल्डना ९८२. जे लोक एरवी या चौकात डुकराचा भाव करताना कारभाऱ्याला पाहून टोपी काढीत, त्यांनी त्याच्या तोंडावर दुसऱ्याचे नाव उच्चारले होते.

पुढल्याच वर्षी, १८२९ च्या एप्रिलात, यादवीच्या भयाने सरकारने कॅथलिकांना संसद खुली केली. वेलिंग्टन पंतप्रधान होता. ज्याने आपल्याकडे असईची लढाई मारली तोच हा. शाळेच्या पुस्तकात गोष्ट बहुधा येथे संपते. परंतु त्याच वेळी संसदेने दुसरा एक कायदा करून आयर्लंडच्या परगण्यांतील मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर, म्हणजे पाचपट, नेली. दोन लाखांहून अधिक मतदारांतून चाळीस हजारांच्या आतच उरले. एनिसला हिरव्या डहाळ्या घेऊन आलेल्या त्या कुळांचे मत गेले. आणि मत गेल्यावर त्यांना जमिनीवर ठेवण्यात मालकालाही पूर्वीइतका फायदा उरला नाही. ओ’कॉनेलची जुनी निवड नव्या कायद्यात धरली गेली नाही, म्हणून त्याला जुलै १८२९ मध्ये एनिसहून पुन्हा निवडून यावे लागले. त्या वेळी त्याच्यासमोर कोणी उभेच राहिले नाही. स्तंभ १८६५ च्या सुमाराचा. त्यावर पुतळा अर्थातच ओ’कॉनेलचा आहे. आम्ही त्या उंचीकडे मान वर करून पाहिले, आणि मग बराच वेळ खालच्या फरसबंदीकडेच पाहत राहिलो.

स्तंभ उभा राहण्यापूर्वी दुष्काळ येऊन गेला होता. १८४५ पासून सलग काही वर्षे बटाट्याचे पीक कुजले, आणि धान्याची गलबते मात्र आयर्लंडबाहेर जातच राहिली. क्लेअर परगण्याची वस्ती १८४१ मध्ये दोन लाख शहाऐंशी हजार होती, ती दहा वर्षांनी दोन लाख बारा हजार उरली. त्यानंतरही दर पिढीत माणसे निघून जात राहिली. २०२२ च्या मोजणीत साऱ्या परगण्याची वस्ती एक लाख अठ्ठावीस हजार होती. म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतरही निम्मी भरपाई नाही. या ओसरलेल्या लोंढ्यात टर्नपाइक रोडवरचा एब ग्रेडी नावाचा एक तरुण होता. तो १८६० च्या दशकात अमेरिकेला गेला. त्याचा पणतू म्हणजे मुष्टियोद्धा मुहम्मद अली. १ सप्टेंबर २००९ रोजी अली एनिसला आला, तेव्हा गावाने त्याला आपले मानाचे नागरिकत्व दिले, जे त्यापूर्वी कोणालाही दिले नव्हते. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी पूर्वजांच्या मूळ गावचे नाव फक्त कुळाचाराच्या वेळी घेतले जाते, त्यांना ही हकिकत आवडेल.

याच स्तंभापाशी, १९ सप्टेंबर १८८० या रविवारी, चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल बोलला. पीक पुन्हा बुडाले होते, खंड थकला होता आणि कुळे बेदखल होत होती. शेजाऱ्याला हुसकावल्यावर त्याची जमीन जास्त खंड कबूल करून घेणारा हावरा माणूस प्रत्येक गावात एखादा तरी निघेच. अशा माणसाचे काय करावे, असे पार्नेलने विचारताच गर्दीतून ‘गोळी घाला’ असा आवाज आला. पार्नेल म्हणाला की याहून चांगला आणि अधिक ख्रिस्ती मार्ग आहे. तो रस्त्यात भेटला तर तोंड फिरवा. दुकानाच्या फळीपाशी, जत्रेत, बाजारात, प्रार्थनामंदिरात देखील त्याला एकटे सोडा. पूर्वी महारोग्याला जसे वेगळे ठेवीत तसे ठेवा. थोडक्यात, त्याला वाळीत टाका.

हे अस्त्र काही दिवसांतच उत्तरेकडील मेयो परगण्यात एका जमीनदाराच्या कारभाऱ्यावर चालले. त्याचे मजूर निघून गेले, दुकानदार सामान देईनात, कपडे धुऊन मिळेनात, टपाल पोचेना. शेवटी उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले, आणि त्यांच्या रक्षणासाठी हजाराच्या घरात शिपाई. काही शे पौंडांच्या पिकासाठी सुमारे दहा हजार पौंड खर्ची पडले असा हिशेब सांगतात. १ डिसेंबर १८८० रोजी कारभारी देश सोडून गेला. त्याचे नाव कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. इंग्रजी कोशाला हा शब्द असा मिळाला.

त्यानंतर पाच आठवड्यांत, ४ जानेवारी १८८१ रोजी, पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. आयर्लंडच्या घडामोडींवर आपल्या पुढाऱ्यांचे बारीक लक्ष असे. न. चिं. केळकरांनी तर ‘आयर्लंडचा इतिहास’ हे पुस्तकच लिहिले. वंगभंगानंतर, १९०५ मध्ये, बॉयकॉट हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला, त्याला ‘बहिष्कार’ हा जुना संस्कृत शब्द जोडला गेला, आणि स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत तो जाऊन बसला. ‘होमरूल’ हे दुसरे आयरिश देणे. २८ एप्रिल १९१६ रोजी लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली ती आमच्या बेळगावात. त्याच आठवड्यात डब्लिनच्या रस्त्यांत ईस्टरचा उठाव चालू होता. आमच्या गावचे हे भाग्य आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो.

परंतु एनिसच्या चौकात उभे असताना आम्हांला आठवले ते निराळेच. पार्नेलने दुकान, रस्ता, बाजार आणि देऊळ अशी जी स्थळे सांगितली, ती आम्ही फार पूर्वी, पुस्तकाबाहेर ऐकली होती. आम्ही चौथीत असू. आमच्या मूळ खेड्यात देवस्थानच्या जमिनीच्या वादावरून एका घराला वाळीत टाकले होते. वाणी मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, पाणवठ्यावर त्या घरच्या बाईची घागर सर्वांत शेवटी. त्यांचा मुलगा आमच्या बाकावर बसे. घरून आम्हांला बजावले होते, “त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्या हातचे घ्यायचे नाही.” एके दिवशी मधल्या सुटीत त्याने अर्धा पेरू पुढे केला. आम्ही घेतला नाही. त्याने हात तसाच काही वेळ धरून ठेवला. वर्षअखेरीस ते कुटुंब गाव सोडून गेले, आणि तो मुलगा पुढे कोठे गेला हे आम्हांला कधी कळले नाही.

म्हणून पार्नेलचे भाषण आम्हांला निखळ आनंदाने वाचता येत नाही. निःशस्त्र कुळांनी सरकारला नमवले, १८८१ चा कुळकायदा पदरात पाडून घेतला आणि बंदुकीविना पुष्कळ साधले, हे खरेच. परंतु ‘एकटे पाडा’ ही आज्ञा देण्यासाठी आमच्या खेड्यांना आयर्लंडहून काही शिकायचे नव्हते. वरच्याने खालच्यावर ती शतकानुशतके चालवली होती. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली आपल्या सभेचे आणि १९२७ साली आपल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत’ या शब्दाने आरंभिले ते उगाच नव्हे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारावर स्वतंत्र कायदा करावा लागला तो २०१६ साली. आयर्लंडमध्येही पुढे शेजाऱ्याशेजाऱ्यांतील हेव्यादाव्यांसाठी हे शस्त्र उपसले गेले. कोणी कोणाकडे पाठ फिरवली, दुबळ्याने बळकटाकडे की बळकटाने दुबळ्याकडे, हे पाहिल्यावाचून या शब्दाला चांगले किंवा वाईट म्हणणे आम्हांला जमत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पाऊस येतोय, आत चला.” तेव्हा भान आले.

याच चौकात १५ ऑगस्ट १९२३ रोजी डी व्हॅलेराला भाषण करता करता पकडले, तेही त्याच्याच देशाच्या नव्या सरकारच्या सैन्याने. हा मूळचा गणिताचा शिक्षक. १९१७ पासून तो क्लेअरचा प्रतिनिधी होता. वर्षभराने, पुन्हा १५ ऑगस्टलाच, तो एनिसला आला, आणि मध्येच तुटलेले वाक्य पुढे चालू करीत असल्याच्या थाटात त्याने भाषणाला आरंभ केला असे सांगतात. गणिताच्या शिक्षकांची ही खोड आमच्याही शाळेत आहे.

पाट्यांविषयी लिहायला हवे. गावातील प्रत्येक रस्त्याची पाटी दुभाषी, वर आयरिश आणि खाली इंग्रजी. आमच्या सीमाभागातील वाचकांना पाट्यांचे माहात्म्य सांगणे नको. १८५१ मध्ये क्लेअर परगण्यात निम्म्याहून अधिक लोक आयरिश बोलत. ब्रायन मेरिमन नावाच्या इथल्याच एका शाळामास्तराने १७८० च्या सुमारास त्या भाषेत ‘मध्यरात्रीचे न्यायालय’ या अर्थाच्या शीर्षकाचे हजारावर ओळींचे काव्य रचले. त्यात लग्नाची टाळाटाळ करणाऱ्या पुरुषांवर बायका खटला भरतात. आज शाळेत आयरिश सर्वांना शिकवतात, सरकारी कागद तिच्यात निघतात, परंतु बाजारात सौदा इंग्रजीत होतो. ओ’कॉनेलची स्वतःची मातृभाषा आयरिश. ती मागे पडली तर हळहळण्याचे कारण नाही असे त्याचे मत होते, कारण इंग्रजी उपयोगाची. हा स्तंभावरचा थोर पुरुष आमच्या मनातून येथे किंचित उतरला. कन्येने आम्हांला ‘आभारी आहे’ या अर्थाचे ‘गुरा मा अगुत’ घोकून दिले होते. बाजारात चीज विकणाऱ्या एका वृद्ध बाईंना आम्ही ते म्हटले. बाई क्षणभर थबकल्या, हसल्या, आणि म्हणाल्या की त्यांची आजी असे म्हणत असे. सुटे पैसे मात्र त्यांनी इंग्रजीत मोजले. आम्ही सुटे पैसे घेताना आपोआप मराठीत मोजले, आणि त्या वेळी मोजणे थोडे मोठ्याने झाले असावे.

आयरिश भाषा बाजारातून गेली तरी संगीत गेले नाही. क्लेअर परगणा त्यासाठी नावाजलेला आहे. संध्याकाळी मद्यगृहाच्या एका कोपऱ्यात फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन चार-सहा माणसे बसतात. व्यासपीठ नाही, तिकीट नाही; शेतकरी, शिक्षक, गवंडी, जो येईल तो. भजनाच्या बैठकीसारखी एक चाल दुसरीत मिसळत जाते. मद्य घेतलेच पाहिजे असे नाही. आम्ही चहा मागितला, तर तोही आनंदाने दिला. वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसू नये आणि चाल मध्यावर असता टाळ्या पिटू नयेत, एवढे पथ्य पाळावे. मे महिन्याच्या अखेरीस ‘फ्ला नूआ’ हा संगीतमेळा भरतो तेव्हा रस्त्यांतही वादन चालते. त्या दिवसांत जायचे तर उतरण्याची सोय आधी करावी.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आयर्लंडचा व्हिसा स्वतंत्र घ्यावा लागतो. युरोपच्या शेंगेन व्हिसावर तेथे प्रवेश नाही, चलन मात्र युरोच. शॅनन विमानतळ एनिसपासून पाव शतक किलोमीटरांच्या आत आहे. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही: गव्हाचा जाड तपकिरी पाव, ताजे लोणी, भाज्यांचे सूप आणि बटाटे सर्वत्र मिळतात. बटाटा खाताना मात्र आम्हांला तो १८४५ चा आकडा काही केल्या विसरता आला नाही. गाव पायी दोन तासांत संपते, पण मठ, चौक, बोळ आणि नदीकाठ यांना पुरा दिवस द्यावा. पावसासाठी छत्री जवळ असावी, उन्हाकडे पाहून ती घरी ठेवण्याचा मोह टाळावा.

स्थानकावर एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. येथून पूर्वी समुद्राकडे वेस्ट क्लेअर रेल्वे नावाची अरुंद रुळांची गाडी जात असे. १८८७ साली तिचा आरंभ झाला आणि १९६१ साली ती बंद पडली. पर्सी फ्रेंच नावाच्या विनोदी गायकाचा कार्यक्रम तिच्या विलंबामुळे बुडाला. त्याने दावा लावून दहा पौंड वसूल केले आणि वर तिच्यावर एक गाणे रचले, ते अजून लोक गातात. कंपनीने अपील केले तेव्हा तो स्वतःच न्यायालयात उशिरा पोचला आणि म्हणाला की मी वेस्ट क्लेअर रेल्वेने आलो, अशी आख्यायिका आहे. आमची लिमरिकची गाडी मात्र वेळेवर आली. डब्यात बसल्यावर पिशव्या मोजल्या तेव्हा कळले की सौभाग्यवतींची छत्री त्या चीजवाल्या बाईंच्या टेबलाखाली राहून गेली आहे.